गाठीची वायर

बंद कपाटात उजेड आहे हे आधी माझ्या मुलीला दिसलं. दुपारचं ऊन थेट घरात येतं म्हणून मी पडदे ओढले होते. कपड्यांच्या घड्या घालता घालता पाठमोरी असतानाच मला तिचा आवाज ऐकू आला.

"आई, काका जागा आहे."

काका म्हणजे माझे मोठे दीर. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. रस्त्यावरचा अपघात, सकाळी डबा घेऊन निघाले ते परत आलेच नाहीत. मी हातातला टॉवेल तसाच धरून वळले. खोलीच्या कोपऱ्यात गेमचं कपाट उभं होतं. बंद होतं, स्क्रीन काळी होती. पण सगळ्यात वर जी काचेची पट्टी आहे, तिच्या मागे काहीतरी होतं. उजेड म्हणावा तर उजेड नाही. डोळे मिटल्यावरही पापणीत थोडं उरतं, तसं.

हे कपाट भाऊजींनी बनवायला घेतलं होतं. पूर्वी गेम पार्लरमध्ये असायचं तसं प्लायवूडचं, पुरुषभर उंचीचं. पोटात जुना कॉम्प्युटर, समोर दांडा आणि बटणं, खाली नाणी टाकायचं छोटं दार. ते अर्धवट राहिलं आणि बरेच महिने त्यावर चादर होती. मग एका रविवारी माझ्या नवऱ्याने चादर काढली आणि कामाला लागला. मला बरंच वाटलं. निदान हात तरी हलतायत.

वीज चालू-बंद करायची जोडणी त्याने स्वतः केली. एकच बटण. दाबलं की कॉम्प्युटर सुरू होतो, त्याचे पाच व्होल्ट रिलेला मिळतात. रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच. तो टक्‌ करतो आणि स्क्रीन, स्पीकर, वरचा दिवा, सगळी वरात एकदम निघते. कॉम्प्युटर बंद केला की पुन्हा टक्‌, सगळं गप्प.

"बंद असताना या भागात वीज शिरतच नाही," तो लेकीला ऐटीत म्हणाला होता. "नाण्यांचं दार तुझं, भिंगरे. काय ठेवायचं ते ठेव."

आमची भिंगरी आता साडेतीन वर्षांची. तिने आत दोन बाहुल्या झोपवल्या. हल्ली बिस्किटाचा अर्धा तुकडाही आत जाऊ लागला होता. कुणासाठी, ते मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी नवरा बूट काढत होता तेव्हाच मी विषय काढला. "वरचा दिवा मिणमिणतोय."

"एलईडी आहे गं. असतं थोडं. कुठूनतरी लीक होतं."

"लीक व्हायला ते काय पाणी आहे?"

"तू आता इंजिनिअर होऊ नकोस."

"आईच बरी आहे मी. म्हणून तर विचारतेय."

तो हसला आणि आत गेला. सासूबाई कपाटासमोर खुर्ची घेऊन बसल्या होत्या. माझ्या तेव्हा लक्षात आलं की ही खुर्ची काही आजच तिथे आलेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी टेस्टर घेतला. कपाट बंद होतं, प्लग मात्र नेहमीसारखा भिंतीत. पायात रबरी चपला घालून मी नाण्यांच्या दारासमोर गुडघ्यांवर बसले. आत बाहुल्या झोपल्या होत्या. बाहुलीच्या डोक्यापासून वीतभर वर, प्लायवूडवर, रिलेचे आणि त्यापुढच्या जोडणीचे उघडे स्क्रू. रिलेच्या पुढच्या एकाला टेस्टर लावला. पेटला. दुसऱ्याला लावला. तोही पेटला. त्या बारक्या केशरी ठिपक्याकडे मी क्षणभर बघत राहिले आणि मग प्लग असा हिसकला की भिंतीचा पोपडा निघाला.

"टेस्टर जुना झालाय," संध्याकाळी नवरा म्हणाला.

"लेकीचा हात रोज तिथे जातो."

"अगं, गाठीच्या वायरवरच लावलाय मी रिले! फेज तुटते तिथे. बंद म्हणजे बंद."

"तू टेस्टर लावून बघितलास का एकदा तरी?"

"दादाच्या गाठीला टेस्टर?" आईकडे ओळखपत्र मागायला सांगावं, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

ही गाठ म्हणजे या घरचा कायदा. भाऊजींना लाल रंग दिसत नसे. लाल त्यांना काळाच. आणि नाद मात्र वायरींचा. म्हणून लहानपणापासून ते कुणालातरी विचारायचे, "लाल कुठली?" आणि दाखवलेल्या वायरला एक सैल गाठ मारून ठेवायचे. गाठ म्हणजे लाल, लाल म्हणजे फेज, वीज आणणारी वायर. लग्नानंतर मी टेबल-फॅनच्या वायरची गाठ गुंता समजून सोडवायला घेतली, तेव्हा तिघांनी एकदम "हां हां हां!" केलं होतं. या कपाटातही बाहेरून येणारी लाल-काळी वायर एका बंद डबीत शिरत होती. डबीतून पुढे निघालेल्या दोन्ही वायरी पांढऱ्या. त्यातल्या एकीला भाऊजींची गाठ.

सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "राहू दे की गं एवढासा उजेड. कुणाचं काय खातोय?"

"आई, भिंगरीचा हात लागला तर?"

"तो काय करणार आहे तिला?"

तो म्हणजे दिवा की भाऊजी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. भिंतीतून काढलेला प्लग मी पुन्हा मुठीत धरला होता. नवऱ्याने हात पुढे केला, तरी दिला नाही.

"ही गाठ मारली तेव्हा भाऊजींनी लाल कुणाला विचारली?" मी म्हटलं. "तुला?"

"नाही."

"मलाही नाही. आई, तुम्हाला?"

"मी कुठली! डोळ्यांत औषध घालून पडले होते ना तेव्हा." मग त्यांना आठवलं आणि त्या हसायला लागल्या. "अगं, ही होती त्याच्या मांडीवर. हिलाच विचारत होता, सांग भिंगरे, लाल कुठली? आणि ही बया पण अशी ठसक्यात..."

हसणं मध्येच थांबलं.

तेव्हा ती अडीच वर्षांचीही नव्हती. नुकताच एक रंग शिकली होती. दूध लाल, मांजर लाल, माझे केस लाल.

नवऱ्याने डबी उघडली. आत गाठीची पांढरी वायर काळीला नीट, घट्ट, पकडीने कसून जोडलेली होती. भाऊजींचं काम नेहमी तसंच असे. रिले काळी, म्हणजे वीज परत नेणारी वायर, तोडत होता. लालमधली वीज बंद कपाटातही सगळीकडे पोचत होती आणि वर दिव्यात तग धरून होती.

"हिला विचारलं त्याने," नवरा म्हणाला. "आणि खरं मानलं."

भिंगरी माझ्या कमरेला चिकटून उभी होती. तिला मी काहीच सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही.

त्याने गाठ सोडली नाही. पांढऱ्या वायरी सोडवून त्यांची अदलाबदल केली आणि गाठीची लालवर कसली. मग पाठीमागे हात केला, माझ्याकडे न बघता.

"टेस्टर दे."

मी दिला. प्लगही दिला. कपाट चालू केलं, टक्‌. बंद केलं, टक्‌. त्याने एकेका स्क्रूला टेस्टर लावला. रिलेपर्यंत येणारा स्क्रू पेटला, तो पेटायलाच हवा. त्यापुढे सगळं मेलेलं. तरी त्याने रिलेवर झाकण बसवलं आणि नाण्यांच्या दाराला कुलूप घातलं. बाहुल्या बाहेर आल्या.

वरची काच पूर्ण काळी होती. सासूबाईंनी ती थोडा वेळ बघितली, मग उठून खुर्ची उचलली. मी घ्यायला गेले तर म्हणाल्या, "असू दे, जड नाहीये." खुर्ची त्यांनी खिडकीशी नेली, पण तोंड रस्त्याकडे केलं नाही.

हे मला हवं होतं. मीच हट्ट केला होता. आता दुपारी पडदे ओढले की मी कपाटापाशी जाते. वायरिंगचा भरवसा नसतो, बघितलेलं बरं. स्टुलावर चढते, काचेला कपाळ टेकवते, दोन्ही बाजूंनी तळव्यांचा आडोसा करते आणि अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबते.

काल भिंगरी खाली येऊन उभी राहिली.

"कोण दिसतंय?"

"कुणी नाही."

"मग काय बघतेस?"

"कुणी नाही ना, तेच बघतेय," मी म्हटलं, आणि खाली उतरले नाही.