हुकूम नाव घेऊन सांगायचा

माझ्या नवऱ्याचं नाव बदामराव. आमच्या बीडकडे हे नाव काही नवलाचं नाही, पण बायकोने नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही ही रीत तिकडे फार कडक. मी मॅट्रिक झालेली. संत तुकाराम नगरात राहायला आल्यावर महिला मंडळात ‘जुन्या रूढी आणि आजची स्त्री’ या विषयावर बोलून मी दुसरा नंबरही मिळवला होता. पण नवऱ्याचं नाव ओठांवर आलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. एकदा पिंपरी कॅम्पातल्या दुकानात मी बदाम आणायला गेले आणि “खिरीत घालतात ते द्या” म्हणाले. दुकानदाराने चारोळी बांधून दिली. मी ती मुकाट घेऊन आले.

अशा बाईने पत्त्यांच्या नादी लागायला नको होतं. पण दुपारी नवरा कंपनीत, कामं उरकलेली, आणि खालच्या मजल्यावर गोजाबाईंकडे रोज मेंढीकोटचा डाव पडायचा. चौघींचा खेळ, समोरासमोर बसतील त्या जोडीदार. पानांतल्या दश्शीला मेंढी म्हणायचं आणि चारपैकी जास्त मेंढ्या ओढतील त्या जिंकल्या. आमच्याकडे पहिली पाच पानं हातात आली की जिची पाळी तिने हुकूम बोलायचा. इस्पिक, किलवर, चौकट मी खणखणीत बोलायचे. चौथा रंग आला की म्हणायचे, “लाल.”

गोजाबाई माझ्या जोडीदार. जुन्या पिंपरी गावच्या, मोकळ्या तोंडाच्या. त्यांना माझी अडचण ठाऊक होती, त्यामुळे नुसतं लाल म्हटलं की त्या बरोबर समजायच्या. पण शेजारच्या बिल्डिंगमधल्या दुर्गाबाई खेळायला यायला लागल्या आणि ते बंद पडलं. दुर्गाबाईंचा खेळ शिस्तीचा. मांडी घालण्यापासून पान टाकण्यापर्यंत सगळ्याला नियम. माझ्या लाल म्हणण्यात एकदा त्यांनी चौकट धरली, डाव गेला, आणि त्यांनी पत्ते खाली ठेवले.

“आजपासून हुकूम नाव घेऊन सांगायचा,” त्या म्हणाल्या. “लाल नाही, ते नाही, डोळ्यांनी खुणा तर मुळीच नाहीत. खुणा म्हणजे लबाडी.”

“तिला घेता येत न्हाई ते नाव,” गोजाबाई म्हणाल्या. “तुमी घेता का तुमच्या मालकांचं?”

“आमच्यात पत्त्याच्या नावाचं कोणी नाही,” दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या.

तेव्हापासून हातात कितीही बदाम आले तरी मी किलवर बोलायला लागले. आम्ही हरत गेलो. गोजाबाईंनी बरेच दिवस सोसलं. मग मंडळाच्या स्पर्धा जवळ आल्या, मेंढीकोटचे सामनेही ठरले, तेव्हा त्यांनीच तोड काढली. “उखान्यात तर नाव घेती न्हवं? मग उखाना घे आन् हुकूम सांग. नाव घेतल्याशी कारन.”

पहिल्या सामन्यात मी लग्नातला उखाणा घेतला. बायका खूश झाल्या, आम्ही जिंकलो. दुसऱ्या सामन्याला माझा उखाणा ऐकायला शेजारच्या चाळीतल्या बायकाही आल्या. मला वाटायला लागलं की आपण नुसत्या खेळाडू नाही, आणखीही काहीतरी आहोत. रात्री भाकऱ्या थापताना मी नवे उखाणे जुळवायला लागले.

शेवटचा सामना रविवारी दुपारी आमच्याच बिल्डिंगखालच्या मंडळाच्या खोलीत होता. आमच्याविरुद्ध दुर्गाबाई आणि मंडळाच्या अध्यक्ष इंदुताई. एक डाव त्यांनी घेतला. दुसऱ्यात हुकूम बोलायची पाळी माझी. पानं पाहिली, पदर सारखा केला आणि म्हणाले,

“तुळशीला घालते रोज तांब्याभर पाणी,
बदामराव आजचे हुकूम, मी त्यांची राणी.”

टाळ्या पडल्या. दुर्गाबाईंनी हात वर केला.

“हिच्याकडे बदामची राणी आहे,” त्या म्हणाल्या. “जोडीदाराला सांगितलं हिने.”

“यमकासाठी घेतली हो,” मी म्हणाले. खरोखरच पाणीला राणीशिवाय दुसरं काही मला सुचलं नव्हतं.

“पानं उघडा.”

मी उघडली. बदामची राणी मधोमध बसली होती. इंदुताईंनी चष्मा पुसला आणि निकाल दिला: पानं पुन्हा वाटायची, आणि इथून पुढे उखाणा बंद. स्वतःच्याच सामन्यात त्यांनीच निकाल द्यावा हे बरोबर नव्हतं, पण ती राणी पाहून माझ्याच्याने तोंड उघडवेना.

पानं पुन्हा वाटली. माझ्या हातात बदामचा राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि किलवरची एक तिर्री. इतकी चांगली पानं पुन्हा कधी आली नाहीत मला. गोजाबाई माझ्याकडे पाहत होत्या. खोलीतल्या सगळ्याच पाहत होत्या. किलवर बोलून मोकळं व्हावं असं वाटलं. मग रूढींवरचं भाषण आठवलं, त्याचा दुसरा नंबर आठवला, आणि मी डोळे मिटून, जरा जास्तच मोठ्याने म्हणाले, “बदाम.”

“काय गं?” दारातून आवाज आला.

सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला गेलेला माझा नवरा तिथे उभा होता. घराला कुलूप होतं, म्हणून किल्ली मागायला आला होता. एका हातात डबा, शर्टावर ग्रीसचे डाग. आपल्यालाच हाक मारली असं वाटून तो चपला काढून दोन पावलं आतही आला.

हसता हसता इंदुताई भिंतीला टेकल्या. दुर्गाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मान वर केली नाही. उरलेली पानं वाटून झाली, खेळायला सुरुवात माझीच होती, आणि मी हाताला लागलं ते पान टाकलं. ती बदामची दश्शी होती. त्यावर दुर्गाबाईंनी सावकाश बदामचा एक्का ठेवला. नंतर काय पडलं, कोणी ओढलं, मला नीट सांगता येणार नाही. तीन मेंढ्या त्यांच्याकडे गेल्या आणि सामनाही.

“एक्का बाहेर असताना मेंढी टाकतंय का कुनी?” गोजाबाई एवढंच म्हणाल्या आणि पत्ते गोळा करायला लागल्या.

किल्ली देऊन मी पुढे निघाले. नवरा मागून येत होता. जिन्यात तो म्हणाला, “लग्नानंतर पहिल्यांदा हाक मारलीस. तीबी राव न लावता.”

“मी पत्त्याला म्हणाले.”

“आसंल. मला बरं वाटलं.” कुलूप काढताना तो थांबला. “अजून एकदा म्हण की.”

मला म्हणता आलं नाही. पत्ते हातात नसताना ते नाव जिभेवर यायला तयारच होईना. चहा ठेवते म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

पुढच्या वर्षी गोजाबाईंनी शालनबाईंना जोडीला घेतलं. त्यांच्या यजमानांचं नाव सोपान, त्यामुळे धोका नव्हता. मला मंडळाने पंच केलं. दुर्गाबाईंनीच माझं नाव सुचवलं. कोणी हुकूम बोलली की पंचाने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा पुन्हा सांगायचा, हा नियमही त्यांचाच. त्या दिवशी दुपारभर बदाम, बदाम म्हणून माझा घसा बसला. नवऱ्याची सुट्टी होती. तो वर गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता आणि मान हलवत ऐकत होता.