उचलायची राहिलेली काठी

मी काठी. बांबूची, चार हात लांब, डोक्याशी जाड. १९९९ साली देवरीच्या बाजारात जागेश्वरनं मला दहा काठ्यांतून निवडलं. त्याआधी मी जंगलात बांबूच्या एका बेटात उभी होते. तोडताना दुखलं का, असं विचाराल तर आठवत नाही.

जागेश्वरचं गाव केशोरीच्या बाजूला. धानाचा मुलूख. त्यानं माझ्या अंगावर कोयत्यानं तीन खाचा पाडल्या. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मला उभं करायचं आणि पाणी किती चढलं ते पाहायचं. पहिल्या खाचेपर्यंत पाणी आलं की रोवणी लावायची, धानाची रोपं चिखलात रोवायची. नऊ वर्षं मी हेच काम केलं. बैल हाकले, चिंचा पाडल्या, धुऱ्यावरचे, म्हणजे बांधावरचे, साप हुसकले. माणसाला मी कधी लागले नव्हते.

२००८ च्या श्रावणात पाणी कमी पडलं. जागेश्वरची बांधी वर, सेवकरामची खाली. सकाळी जागेश्वर आला तर मधला धुरा फुटलेला आणि त्याचं पाणी खाली चाललेलं. खेकड्यानं फोडला की माणसानं, ते मला माहीत नाही. सेवकराम तिथंच उभा होता. दोघांची जुंपली. आयाबहिणी निघाल्या.

सेवकरामची बायको गीताबाई भांडणात नव्हती. ती खाली वाकून दोन्ही हातांनी चिखल लावून ती फूट बुजवत होती. जागेश्वरचंच पाणी वाचवत होती म्हणा ना.

जागेश्वरनं मला उगारलं. वर जाताना माझं तोंड सेवकरामकडे होतं. खाली येताना मी वळले. का वळले, ते मला ठाऊक होतं. काठीला धरणाऱ्याची मूठ कळते. पण काठीला कोणी विचारत नाही.

गीताबाईचं उजवं मनगट मोडलं. आवाज बारीकसा झाला, वाळकी काडी मोडावी तसा.

गोंदियाला प्लास्टर झालं. पुढं ते निघालं, हाड जुळलं, पण बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी मुठीत धरत जा. पोलिसांत तक्रार गेली होती. तिथून ती गावाच्या तंटामुक्ती समितीकडे आली. त्या वर्षांत तसंच चालायचं. गावात भांडण उरलं नाही की गावाला पुरस्कार, चौकात सत्कार, वेशीवर बोर्ड. समितीचे अध्यक्ष मुन्नालालजी. बोर्ड कुठं लावायचा, ती जागासुद्धा त्यांनी पाहून ठेवली होती.

आमच्या गावात एक जुनी रीत आहे. ज्यानं काठी उगारली, त्यानं ती पंचांसमोर आडवी ठेवायची. मग दोन्हीकडच्यांनी एकेक टोक धरून उचलायची. उचलली की तंटा मिटला. काठी मालकाला परत.

दिवाळीनंतर एका दुपारी मला समाजमंदिरात सतरंजीवर आडवं ठेवलं. एका टोकाला जागेश्वर, दुसऱ्या टोकाला सेवकराम. दोघांनी मला उचललं. नारळ फुटला. सेवकरामनं कागदावर सही केली. मुन्नालालजी म्हणाले, "चलो, मामला खतम. चहा आणा."

चहा गीताबाईनं केला होता. डाव्या हातानं. ट्रे घेऊन तिची मुलगी रश्मी आली. अर्जुनीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. तिनं ट्रे कोणाच्या समोर धरला नाही. मला पुन्हा खाली ठेवलं होतं, तिथं माझ्यालगत टेकवला.

"काका, सही कोणाची घेतली?" तिनं मुन्नालालजींना विचारलं.

"तुह्या बाबाची. काऊन?"

"बाबाले कुठं लागलं?"

मागं कोणीतरी हसलं.

"बेटा, घर एकच असते," मुन्नालालजी म्हणाले. "नवऱ्यानं केली म्हणजे बायकोची झाली."

"मंग प्लास्टर पण बाबाच्याच हाताले घालायचं होतं."

"बस कर, रश्मे," सेवकराम म्हणाला. तो बशीकडे पाहत होता.

"कॉलेजात हेच शिकवून राहिले का?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नाही आजोबा. हे इथंच शिकून राहिली."

मुन्नालालजींनी आवाज खाली आणला. "सोमवारी तपासणीवाले येऊन राहिले. एवढा एकच कागद बाकी आहे. गावाच्या इज्जतीचा सवाल आहे."

"माह्या आईच्या हाताचा आहे. जिले लागलं तिनं कबूल केलं तरच समेट होते, हे तुमच्याच कागदावर लिहिलं आहे. नाही तर मी उद्या ठाण्यात जाऊन सांगीन, आईले कोणी विचारलंच नाही."

म्हाताऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू मला तिनंच उगारलं होतं. पण ठाण्याचं नाव निघालं होतं. चहा थंड झाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक. मी पुन्हा आडवी. या वेळी समोर गीताबाई. त्या सतरंजीवर ती पहिल्यांदाच बसली होती. एरवी ती झाडायला यायची.

"बोल गीताबाई," मुन्नालालजी म्हणाले. "तुले काय पायजे? साडी, माफी, जे म्हणशील ते. पण जल्दी."

गीताबाईनं आधी पदर सारखा केला, मग उजवा हात मांडीवर घेतला. रश्मीनं तिला कोपरानं ढोसलं नाही. तेवढं त्या पोरीला कळत होतं.

"मले इचारायचं आहे," गीताबाई म्हणाली.

"इचार."

"जागेश्वरभाऊ," तिनं मागं बसलेल्या सेवकरामकडे मान वळवली, "भांडण यायच्यासंगं होतं. मी खाली वाकून चिखल लावून राहिली होती. मले काऊन मारलं?"

"राग आला होता, वहिनी."

"राग यायच्यावर होता."

जागेश्वरनं पंचांकडे पाहिलं. मुन्नालालजी घड्याळ पाहत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार.

"सेवकरामले मारलं असतं," तो हळू म्हणाला, "तर त्यानं परत मारलं असतं."

"अन् मी?"

"तुमी मारलं नसतं."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मला वाटायचं, फक्त मलाच.

गीताबाईनं मान हलवली. रडली नाही. "बरं," ती म्हणाली. "मले वाटे, माहीच काही चूक झाली. चार महिने तेच आठवून राहिली होती, का केलं मी."

मग तिनं दुसरी गोष्ट मागितली. "येत्या रोवणीत माही ओळ तुमी लावा. दोन साल. मी धुऱ्यावर बसून पाहीन."

आता मात्र सगळे हसले. रोवणी बायका लावतात. पुरुष चिखल करतात, पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, पेंढ्या फेकतात, ओळीत वाकत नाहीत.

"लावतो," जागेश्वर म्हणाला. हसणं थांबलं.

"झालं तर. आता उचला," मुन्नालालजी म्हणाले.

जागेश्वरनं एक टोक धरलं. गीताबाईनं उजवा हात माझ्यावर ठेवला. बोटं माझ्याभोवती येईनात. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मी तिच्या तळव्याखालून घरंगळले. सगळ्या गावानं ते पाहिलं.

"डाव्या हातानं उचल ना, काय फरक पडते," कोणीतरी म्हणालं.

"मार याच हातानं खाल्ला," गीताबाई म्हणाली. "मूठ मिटल तवा उचलू. तोवर काठी माह्या घरी राहील."

त्या वर्षी गावाला पुरस्कार मिळाला नाही. काठी उगारणाऱ्याला कोणी बोललं नाही. पोरीला बोलले, आईला बोलले. गावाचं नाव घालवलं म्हणाले.

२००९ ची रोवणी आली. जागेश्वर बायकांच्या ओळीत उतरला. "जागेश्वरबाई, लुगडं खोचा, भिजून राहिलं," पहिल्या दिवशी बायकांनी त्याला सोलून काढला. त्याच्या ओळी बैलाच्या मुतासारख्या वाकड्या. तिसऱ्या दिवशी त्याला कंबर सरळ करता येईना, तेव्हा बायका आपोआप गप्प झाल्या. गीताबाई धुऱ्यावर मला शेजारी घेऊन बसायची. दोन सालांत ती त्याच्याशी एकच वाक्य बोलली. "एवढा खोल खुपसू नका, पऱ्हा सडते."

त्यानं खोल खुपसणं थांबवलं.

पुढं मुन्नालालजींनी जुना कागद शोधला. सेवकरामची सही त्यावर होतीच. समेट झाला, असं वर गेलं. बोर्ड आला, ठरलेल्या जागी लागला. कागदावर मला केव्हाच उचललेलं आहे.

तिसऱ्या साली जागेश्वरला यायचं कारण नव्हतं. तो आला. गीताबाई ओळीत होती, डाव्या हातानं लावत होती. तिच्या शेजारची ओळ त्यानं धरली. तेव्हापासून दर साली येतो. रोवणी संपली की पाणी प्यायला दारात थांबतो, मला पाहतो, मागत नाही. तीही देत नाही. त्याला माफ केलं का, ते तिनं मलाही सांगितलेलं नाही.

हे २०१४ साल. मी गीताबाईच्या दाराआड उभी आहे. मला चुलीत घालू नका, परतही देऊ नका. एवढंच करा, वेशीवरचा बोर्ड वाचून गावात आलात तर चौकात थांबू नका. या घरी या. तंटा मिटला का, हे तिला विचारा.

रोज सकाळी ती मला उजव्या हातात धरते. माझ्या खाचांवर तिची बोटं येतात. तीन मिटतात. दोन बाकी आहेत.