कॉलीनच्या वाट्याला आलेलं वाचन

मिसुरीतल्या त्या नदीकाठच्या गावात नववीच्या वर्गात व्हर्लीन टिब्स ही एकटीच काळी मुलगी होती. मिस हॉलवर्थबाईंनी एक जुनी कादंबरी शिकवायला घेतली. बापाच्या माराला विटलेला गोरा पोरगा आणि पळून निघालेला काळा गुलाम, दोघं एकाच तराफ्यावर. व्हर्लीननं ती घरी आधीच वाचली होती. मित्राला पकडून देण्यापेक्षा नरकात गेलेलं बरं, असं तो पोरगा ठरवतो, ते पान तिनं दोनदा वाचलं होतं.

वर्गात बाईंनी पात्रं वाटून दिली. "व्हर्लीन, गुलामाचं तू वाच. तुला त्याची बोली सहज जमेल."

तिच्या घरी तसं कुणीच बोलत नव्हतं. पोराचं वाचन कॉलीन मॅकब्राइडकडे आलं. कॉलीन समोरच्या घरातली, लहानपणापासूनची मैत्रीण.

पोराच्या तोंडी काळ्यांसाठीची ती शिवी पानोपानी होती. पहिल्यांदा कॉलीननं ती पुटपुटत वाचली. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळा वर्ग वळून व्हर्लीनकडे पाहू लागला. पुढे पुढे कॉलीनची जीभ सरावली. शिवी न अडखळता येऊ लागली. व्हर्लीन बाकाची कड घट्ट धरून आपला उतारा येण्याची वाट बघत राही.

"ती शिवी गाळ ना," जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली.

"अगं, मी कुठं म्हणतेय? पुस्तकात आहे."

"आवाज तर तुझाच आहे ना!"

"बाई माझे मार्क कापतील, व्हर्लीन." कॉलीननं सँडविचचा तुकडा मोडून पुढे केला. व्हर्लीननं तो घेतला नाही.

घरी आई म्हणाली, "वर्ष काढ गं पोरी. तोंड मिटून बस. त्या शाळेत तुला घालायला आम्ही काय काय सोसलंय!"

शेवटच्या भागात त्या गुलामाला झोपडीत कोंडतात. सोडवायला आलेला तो पोरगा आणि त्याचा एक दोस्त सरळ दार उघडत नाहीत, सुटकेचा खेळ मांडतात. वर्ग खो खो हसत होता. व्हर्लीनचा उतारा आला. ती उभी राहिली आणि पुस्तक मिटलं.

"मी नाही वाचणार. तो आत कोंडलाय, आणि तुम्हाला हसू येतंय?"

"विनोद आहे तो," बाई म्हणाल्या. "खाली बस."

"मी नाही बसणार."

मग कादंबरी संपेपर्यंत तिला वाचनालयात एकटीला बसवलं. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येई. तिचं वाचन आता बाई स्वतः करत. कॉलीनचा आवाज मात्र तोच, स्पष्ट.

कादंबरी संपली त्या दिवशी कॉलीन शाळेच्या फाटकापाशी थांबली होती. "रागावलीस?"

व्हर्लीन तिच्याकडे न बघता चालू लागली. घरी जायचा रस्ता एकच होता. दोघी त्या रस्त्यानं शेजारी शेजारी चालत गेल्या.