उभी सायकल

नाल्याच्या उतारावर सायकलवरून पडले, ते वासुदेवरावांनी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नालवाडीहून त्यांची मुलगी वर्षाली आली. तिने बापाचं कोपर पाहिलं आणि विचारलं, "हे काय?"

"वांग्याच्या झाडाचा काटा लागला."

"काट्यानं एवढं सोलते? अन् गुडघ्याले काय झालं, त्यालेबी वांग्यानंच पकडलं का?"

वासुदेवरावांनी बाही खाली ओढली. आंजीतून, त्यांच्या गावातूनच, कोणीतरी तिला फोन करून सगळं सांगितलंच होतं.

दुसरी कोणतीही सायकल असती तर ते पडले नसते. उतारावर गुडघा अडकला तेव्हा पाय थांबवले असते आणि सायकल आपली घरंगळत खाली गेली असती. पण त्यांच्या सायकलला फ्रीव्हील नव्हतं. मागचं चाक फिक्स होतं. पायडल फिरलं की चाक फिरायचं, आणि चाक फिरत असलं की पायडल फिरणारच, मग तुमचा पाय तयार असो की नसो. त्या दिवशी गुडघा तयार नव्हता. ब्रेक दाबेपर्यंत वासुदेवराव बाजूच्या बेशरमाच्या झुडपात होते.

वर्षाली त्यांना वर्ध्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. गुडघ्याची झीज झाली आहे, डॉक्टर म्हणाले. सायकल सोडायची नसेल तर गिअरची घ्या. चढावर जोर लागता कामा नये, आणि उतारावर पाय थांबवता आले पाहिजेत.

परत येताना बसमध्ये वर्षालीने सांगून टाकलं. "गिअरची सायकल चालवा, नाई तर वावर ठेक्यानं द्या अन् नालवाडीले या. तिसरं काई नाई, बाबा."

"पाहतो."

"पाहतो नाई. एक डाव अजून पडले तर मी विचारायलेबी येणार नाई. गाडी घेऊनच येईन."

वासुदेवरावांना नालवाडीला जायचं नव्हतं. वावरात वांगी होती, मेथी होती, सांबार म्हणजे कोथिंबीर होती, आणि घर होतं. पण फिक्स सायकल सोडायची म्हणजे काय सोडायचं, हे मुलीला सांगता येत नव्हतं.

लग्नाच्या आदल्या वर्षी गावात ताराचंद नावाचा माणूस आला होता. शाळेच्या मैदानात त्याने सात दिवस, सात रात्री सायकल चालवली, खाली न उतरता. सायकलवरच जेवला, सायकलवरच अंघोळ केली, दाढीसुद्धा केली. लोक संध्याकाळी टाळ्या वाजवायला येत. छातीवर ट्यूबलाइट फोडली तेव्हा बायांनी डोळे झाकले. वासुदेवला मात्र एकच गोष्ट बघायची असे. मध्येच ताराचंद सायकल एका जागी उभी करायचा, पाय जमिनीला न लावता. पुढचं चाक जरा वाकडं, पायडलवर दाब देऊन बोटभर पुढे, बोटभर मागे. सायकल उभी आणि माणूस वर बसून विडी ओढतोय.

आठव्या दिवशी ताराचंद उतरला तेव्हा वासुदेवने त्याला घरी नेलं, दोन दिवस भाकर आणि भरली वांगी खाऊ घातली आणि ती कला मागितली. ताराचंद म्हणाला, "बिना फिक्स के नहीं होता, भाई." त्यानेच वासुदेवच्या कोऱ्या सायकलचं फ्रीव्हील काढून फिक्स चाक बसवलं. वासुदेवचा बाप दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही.

मग लग्न झालं. रंभा आली. आपल्याकडे बाया कॅरियरवर कशा बसतात ते सगळ्यांना माहीत आहे. नवरा सायकल चालू करतो, बाई मागून चार पावलं पळते आणि उडी मारून बसते. रंभाने पहिल्याच महिन्यात उडी मारली आणि हापशीजवळ, पाणी भरणाऱ्या सगळ्या बायांसमोर, टोपल्यासकट खाली पडली. घरी येऊन म्हणाली, "मी पायदळ जाईन वावरात. मले नाई पाहिजे तुमची सायकल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वासुदेवने दारासमोर सायकल आणली आणि उभी केली. वर बसलेला, दोन्ही पाय पायडलवर.

"बस."

रंभा त्याच्याकडे बघतच राहिली. मग खाटेवर बसावं तशी कॅरियरवर बसली. सायकल हलली नाही. ती नीट बसल्यावरच निघाली.

तेव्हापासून अडतीस वर्षं रंभा कधी सायकलमागे पळाली नाही. हापशीवरच्या बाया म्हणायच्या, "रंभाबाईचं विमान आलं व, सरका." नाल्यापुढच्या चढावर ती उतरायची आणि एका हाताने मागून सायकल ढकलायची, वर पोचल्यावर पुन्हा उभ्या सायकलवर बसायची.

पण बसायला तिला वेळ फार लागायचा. कुलूप लावायची, मग विळा आठवायचा, कुलूप उघडायची, विळा घ्यायची, पुन्हा कुलूप लावायची, पदर खोचायची. वर वासुदेवराव बोटभर पुढे, बोटभर मागे करत बसलेले.

"अवं, बस ना आता."

"अजी, टेकवा ना पाय. मी काई पळून नाई राह्यली, अन् जमीनबी पळून नाई राह्यली."

ते टेकवत नसत. एकदाही टेकवला नाही. त्याचाच त्यांना अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी रंभाच्या पोटात पाणी झालं. वर्ध्याला दाखवायला न्यायचं होतं, म्हणून बसस्टँडपर्यंत जायला त्यांनी दारासमोर सायकल उभी केली. रंभा दाराची चौकट धरून बाहेर आली. कॅरियरला हात लावला, पुन्हा काढला, श्वास घेतला. पुन्हा लावला. वासुदेवरावांचा गुडघा तेव्हाच थरथरायला लागला होता. ते म्हणाले, "बस ना लवकर. किती वेळ धरू?"

ती बसली. दवाखान्यात अकरा दिवस होती. परत आली ती गाडीतून, आणि मग सायकलवर बसायला उरलीच नाही.

त्यानंतर रोज सकाळी वासुदेवराव वावरात जायला निघत तेव्हा दारासमोर सायकल उभी करत. कुलूप लावून झालेलं असे, विळा हँडलला लटकवलेला असे. कॅरियरवर रंभाने बांधलेलं पोत्याचा जुना, गादीसारखा घडी केलेला तुकडा तसाच होता. एखाद्या बाईला बसायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ ते थांबत, मग निघत. शेजारच्यांना वाटे, म्हातारा ब्रेक तपासतो.

रविवारी जावई निकेश छोटा हत्ती टेम्पोत घालून नवी सायकल घेऊन आला. तो पुलगावच्या डेपोत नोकरीला, प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची सवय.

"मामाजी, हे पाहा. सात गिअर. हा पहिला, चढासाठी. हा सातवा, सपाट रोडवर. अंगठ्यानं दाबा, बस."

"उभी राह्यते का?"

"राह्यते ना. स्टँड आहे."

"स्टँडवर तर कोणतीबी उभी राह्यते, जवाईबुवा."

वर्षाली दारातून म्हणाली, "चालवून तर पाहा."

वासुदेवराव नाल्याच्या पुढपर्यंत गेले. उतारावर पाय थांबवले तरी सायकल चालत होती, मागून कटकट आवाज करत. पाय असे बिनकामाचे लटकलेले त्यांना कसंतरीच वाटलं. मग चढ आला. पहिला गिअर टाकला. सायकल एवढी हलकी चढायला लागली की त्यांनी मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.

घरासमोर येऊन त्यांनी नवी सायकल उभी करायचा प्रयत्न केला. चाक वाकडं केलं, पायडल मागे दाबलं. पायडल नुसतंच गरकन मागे फिरलं, सायकलने काही ऐकलं नाही, आणि तोल जाऊन उजवा पाय खाली आला. त्यांनी ती सायकल गोठ्यात लावली. निकेशला म्हणाले, "चांगली आहे. चालवीन."

चालवली नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जुनीच. फक्त उतारावर खाली उतरून चालायचे.

आठवड्याने वर्षाली पहिल्या बसने आली, न सांगता. कोपऱ्यावरून वळली तर बाबा दारासमोर जुन्या सायकलवर बसलेले, पाय वर, सायकल उभी. ती रागाने ओरडणारच होती. पण बाबा निघत नव्हते. बोटभर पुढे, बोटभर मागे. दाराकडे पाहत होते. दाराला कुलूप होतं.

वर्षाली तिथेच थांबली. लहानपणी ती पुढच्या दांड्यावर बसायची आणि आई मागे. आई बसेपर्यंत सायकल अशीच उभी राहायची, आणि दांड्यावर बसून ती मोजायची, किती वेळात आई बसते.

ती पुढे आली, काही न बोलता पिशवी मांडीवर घेऊन कॅरियरवर बसली. पोत्याच्या तुकड्यावर.

वासुदेवराव दचकले. मागे पाहिलं नाही. हँडल घट्ट धरलं. वर्षाली आईपेक्षा भारी होती. गुडघा थरथरला, मग मांडी, मग सगळा पायच. बोटभर पुढे गेलेली सायकल मागे येईना.

"बाबा, टेकवा पाय."

"नाई."

"टेकवा म्हणून राह्यली मी."

पाय टेकला. खडीवर चप्पल घासली गेली. दोघेही तसेच बसून राहिले.

"मी तुझ्या आईले म्हटलं होतं," वासुदेवराव म्हणाले. ते समोर रस्त्याकडे पाहून बोलत होते. "त्या दिवशी, दवाखान्यात नेतानी. म्हटलं, किती वेळ धरू. तिले बसता येऊन नाई राह्यलं होतं, अन् मी म्हटलं, किती वेळ धरू."

वर्षालीने मांडीवरची पिशवी सावरली.

"तिनं मले सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"दवाखान्यात. म्हणे, तुझ्या बाबाचा गुडघा दुखते, पण पाय टेकवत नाई. म्हणे, मी तर जाणून उशीर करत होती त्याईले. विळा हातात असला तरी आत जाऊन येत होती. टेकवते का पाहाले."

"जाणून?"

"हाव. अडतीस वर्षं म्हणे. एक डावबी नाई टेकवला, असं म्हणून हसली अन् मग पोट दुखलं तिचं हसून."

वासुदेवरावांनी तोंडावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. मग म्हणाले, "विळा हातात राह्यला तरी?"

"हाव."

"अन् मी वर बसून गरम होत होतो."

"तेच तर पाहाचं होतं तिले."

त्या दिवशी दुपारी वासुदेवराव दोन्ही सायकली घेऊन हेमराजच्या दुकानात गेले, एक हातात धरून आणि दुसरी वर्षालीच्या हातात. हेमराज गावातला सायकलवाला, ताराचंदचा खेळ पाहिलेला.

"याचं कॅरियर त्याले लाव."

हेमराजने नवी सायकल उलटून पाहिली. "काका, गिअरच्या सायकलले कॅरियर राहत नाई. पट्ट्या कापून बसवा लागन. लावाचंच असन तर नवं हलकं देतो ना, हे लोखंडाचं काऊन?"

"हेच लाव."

"काय वाहाचं आहे याच्यावर?"

"काई नाई."

हेमराजने वर्षालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने पाना उचलला. पोत्याचा तुकडा सोडायला लागला तेव्हा वासुदेवराव म्हणाले, "ते राहू दे त्यालेच."

जुनी सायकल गोठ्यात भिंतीला लागली. वर्षाली शेवटच्या बसने नालवाडीला परत गेली. जाताना म्हणाली, "उतारावर ब्रेक धरजा, बाबा. दोन्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वासुदेवरावांनी कुलूप लावलं, नवी सायकल दारासमोर आणली आणि वर बसले. उजवा पाय जमिनीवर टेकवला. थांबले.

गुडघा दुखत नव्हता. हापशीवर कोणी पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत होता. सायकल हलत नव्हती. पाय टेकवला की कितीही वेळ थांबता येतं, हे कळायला त्यांना अडतीस वर्षं आणि वर दोन लागली होती.

हँडलला विळा होता. त्यांनी तो एकदा पाहिला. मग सायकल स्टँडवर लावली, विळा हातात घेतला, कुलूप उघडून आत गेले, चुलीजवळ क्षणभर उभे राहिले, बाहेर आले, पुन्हा कुलूप लावलं. सायकलवर बसले. पाय टेकवला आणि परत थांबले.