दुसरा आवाज

संघदीप हे लिहून ठेवणारच नव्हता. दोनदा मोबाईलवर टाइप केलं, दोनदा पुसलं. पण पुसूनही ते डोक्यातून जाईना, तेव्हा परत बसला.

त्या दिवशी तो रजतच्या खुर्चीत बसून, रजतच्याच लॅपटॉपवर उद्याच्या मीटिंगची तयारी करत होता. रजत खाली चहा आणायला गेलेला. दिग्रसच्या बसस्टँडमागची ही खोली. संघदीपचं नेट ऐन वेळी मान टाकायचं, म्हणून दोघं इथूनच मीटिंगला बसायचे. एक लॅपटॉप, कॅमेरा बंद, आणि स्क्रीनवर नाव एकच, रजतचं. पुसदच्या कॉलेजपासून एका ताटात जेवलेले. नावाचं काय घेऊन बसता.

कंपनी पुण्याची. काम जिनिंगवाल्यांच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखानदारांच्या ॲपचं. कापसाच्या कोणत्या गाडीनं कधी यायचं, ते ॲप मेसेजनं कळवायचं. गाडीवाले मेसेज उघडायचेच नाहीत, येऊन रांग लावायचे.

मागच्या मीटिंगमध्ये संघदीपनं तोंड उघडलं होतं.

"मॅडम, गाडीवाला वाचत नाही. त्याले फोन लावा, आपल्या बोलीतला आवाज ऐकवा. आधी गावाचं नाव घ्या, मंग वेळ सांगा. गावाचं नाव ऐकलं का थांबते तो."

पुण्याहून मीटिंग घेणाऱ्या आभा मॅडम नव्याच आलेल्या, दोघांचे आवाज त्यांच्या ओळखीचे नव्हते. खूश झाल्या. मीटिंगचं टिपण एआय काढायचा, संध्याकाळी ते सगळ्यांना गेलं. त्यात लिहिलेलं, ही कल्पना रजत यांची. आणि आठवड्याभरात मॅडमनी कळवलं, दिग्रसची पक्की जागा एकच, ती रजतला. संघदीपचा करार महिनाअखेर संपत होता.

"मशीन हाये लेका," रजत तेव्हा म्हणाला होता. "एका नावावर दोघं बसलो, त्याले काय समजते? मी सांगतो ना मॅडमले."

घरी आईनं विचारलं, "मंग सांगितलं काय त्यानं?" तर संघदीप तिच्यावरच उखडला. "आई, रजत हाये तो!" ताटावरून उठून गेला.

आता स्लाइडमध्ये आपलेच शब्द घालावेत म्हणून त्यानं एआयला विचारलं, फोनची कल्पना मीटिंगमध्ये कशी मांडली होती? उत्तर आलं. शब्द न् शब्द त्याचा. खाली आणखी दोन ओळी होत्या.

"बोलणारा: रजत यांच्या खोलीतला दुसरा आवाज. हा कोणाचा, असं मी विचारल्यावर रजत यांनी 'दोन्ही आवाज माझेच, सर्दी झाली होती' असं कळवलं. म्हणून टिपणात त्यांचं नाव घातलं."

संघदीपनं परत वाचलं. मग अंगठ्यानं स्क्रीनवरची धूळ पुसली, नव्हतीच तरी.

जिन्यावर चपला वाजल्या. रजत दोन ग्लास घेऊन आत आला.

"झालं काय बे?"

"होऊन राह्यलं."

"उद्या मोठे साहेब हायेत. खोदून खोदून विचारतीन. मले गाडीवाल्याचं काय घंटा माहीत? तू बाजूले बसजो. मी अटकलो का तू बोलजो. नाव काय, एकच हाये आपलं."

संघदीपनं ग्लास हातात घेतला. एक घोट प्याला.

"सर्दी बरी झाली काय तुही?"

"कोणती सर्दी?" म्हणता म्हणता रजतची नजर लॅपटॉपकडे गेली. तिथंच राहिली. खाली पुसदची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता.

"संघ्या... जागा एकच होती बे."

संघदीप स्क्रीनकडे वळला. स्लाइड पूर्ण केली, सेव्ह केली, खुर्ची त्याच्यासाठी मोकळी केली.

रजतनं हळूच विचारलं, "उद्या येशीन ना?"

"येतो ना. तुह्या बाजूलेच बसतो," संघदीप चपलेत पाय घालत म्हणाला. "अन् चकार शब्द काढत नाही. दोस्त हायेस, वचन देतो तुले."