नुसती रेघ

दफनभूमीच्या मागच्या भिंतीलगतची रांग नव्या रस्त्याच्या आखणीत सापडली होती. नियम सरळ होता. ज्या कबरीला वारस मिळेल ती दगडासकट नव्या जागेत हलवायची. ज्यांना कुणीच नाही, त्यांच्यावर मुरूम पसरून रोलर फिरवायचा. एका वारसाला एकच कबर. मुदत त्याच दुपारी संपत होती, आणि आत्याला तिची आई हवी होती.

साथीच्या वर्षी आत्या पाळण्यात होती. इन्फ्लुएन्झा हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. मानमोडी म्हणत, तेही आवाज खाली आणून. सकाळी कपडे वाळत घालणाऱ्या बाईला दुपारी हुडहुडी भरली आणि ते कपडे दोरीवरून काढायला ती पुन्हा उठली नाही. तिचा फोटो नव्हता. तिची आठवण असलेली माणसंही एकेक करून गेली होती. आईचं नाव आत्याला ठाऊक होतं, रांग ठाऊक होती. त्या रांगेतली कबर कुठली, ते मात्र सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

म्हणून तिने भाच्याला आणलं होतं. तो तिच्या थोरल्या भावाचा मुलगा, नकाशे काढण्यात हयात घालवलेला निवृत्त ड्राफ्ट्समन. चपलासुद्धा भिंतीशी काटकोन करून काढायचा, म्हणून आत्या त्याला लहानपणापासून ‘फूटपट्टी’ म्हणे.

“फूटपट्टी, ऊन डोक्यावर आलं,” झाडाखालच्या खुर्चीवरून ती ओरडली. “दगड मोजतोयस की त्यांची लग्नं जुळवतोयस?”

“मोजतोय, आत्या. तू पाणी पी.”

“मी प्यायले. तू पी. इथे येणाऱ्यांना परत जायची घाई नसते म्हणतात, पण मला आहे.”

रांगेतल्या एकाही दगडावर नाव नव्हतं. प्रत्येकावर एक आडवी रेघ तेवढी कोरलेली होती. हलवायच्या दगडावर फुली मारायला राखणदार पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन मागेमागे फिरत होता. त्याने कारण सांगितलं. त्या आठवड्यांत पाथरवटाकडे इतके दगड आले की एकेक पुरा करायला त्याला सवड नव्हती. तो कोळशाने नाव लिहून घेई, आधी सगळ्या दगडांवर अक्षरांच्या डोक्यावरची रेघ कोरून टाकी आणि अक्षरं मागाहून करू म्हणे. मग त्यालाच ताप आला. दगड होते तसे उभे केले गेले आणि कोळसा पावसात धुऊन गेला.

“त्यातून काय कळणार, साहेब? रेघ ती रेघ. ही बघा, इथे तर छिन्नीही घसरलीय. मधेच तुटलीय.”

भाचा वाकला. तुटलेल्या जागेवरून त्याने नख फिरवलं. कडा स्वच्छ होत्या. हात घसरला तर दगडाचा टवका उडतो. इथे पाथरवटाने रेघ थांबवली होती आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा धरली होती. त्याने स्वतः आयुष्यभर नकाशांवर अक्षरं काढली होती. त्याचा हातही नेमका असाच थांबत असे, कारण ध डोक्यावर पूर्ण रेघ घेत नाही. तो डावीकडे उघडाच राहतो.

आजीचं नाव तीन अक्षरांचं होतं आणि मधलं अक्षर ध होतं.

तरीही तो रांगेच्या टोकापर्यंत गेला, कारण काम अर्धवट सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. सोडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला लगेच वाटलं. शेवटून दुसऱ्या दगडावरही तेवढीच रेघ होती आणि तिथेच मोकळी जागा. भसुद्धा असाच उघडा राहतो, थही. मोजपट्टी त्याने पुन्हा पुन्हा लावली. दोन्ही दगड तिला सारखेच होते.

तो आत्याजवळ येऊन उभा राहिला. ‘ही बघ’ एवढं म्हटलं असतं तरी तिला पुरलं असतं. ती पडताळून थोडीच पाहणार होती? पण न मोजलेलं माप त्याने कधी नकाशावर लिहिलं नव्हतं, आणि हे तर आत्याच्या आईचं.

“सापडली का रे?”

“दोघींपैकी एक आहे. कुठली ते सांगता येत नाही. यापुढेही येणार नाही.”

आत्याने पाण्याची बाटली खुर्चीखाली ठेवली. मग तिने हात पुढे केला. “उठव मला.”

दोन्ही दगडांशी ती थोडा थोडा वेळ थांबली. “एकीला नेलं आणि ती दुसऱ्याच कुणाची निघाली, तर माझी आई इथे रोलरखाली,” ती म्हणाली. “आणि बरोबर नेली, तर ही बिचारी. हिचंही कुणीतरी घरी पाळण्यात राहिलं असेल.”

“एका वारसाला एकच, आजी,” राखणदार अवघडून म्हणाला.

“वारस दोन आहोत.” भाचा बोलून गेला आणि आपल्याच आवाजाने दचकला.

राखणदाराने त्याच्याकडे नीट पाहिलं, ब्रश बुडवला. “बरं. ही तुमची कोण लागते?”

“आजी.”

दगडावर पांढरी फुली उमटली. तो दुसऱ्याकडे वळला. “आणि ही, आजी, तुमची?”

“आई.”

ब्रश हवेतच थांबला. “तुमची आई तीच यांची आजी ना? म्हणजे बाई एकच झाली. मग दुसरी कोण?”

“ती आजपासून लागते,” आत्या म्हणाली. “कर फुली.”

त्याने केली.

निघताना आत्या भिंतीच्या कोपऱ्याशी अडखळली. तिथला दगड बुटका होता आणि त्यावरची रेघ बोटभरही नव्हती.

“एवढीशी?”

“लहान मुलाचं नाव असावं, आत्या.”

तिने रेघेतली माती बोटाने काढली. “आपल्यात अजून कोण आहे रे?”

भाच्याने मनातल्या मनात सगळी घरं फिरून पाहिली. त्याला मूलबाळ नव्हतं, बायको जाऊन वर्षं झाली होती; आत्याच्या घरी तर कधीच कुणी नव्हतं.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “आपण दोघंच.”

राखणदार डब्याचं झाकण हातात धरून उभा होता. त्याने ते लावलं नाही, आणि ब्रशही उचलला नाही. रेघ स्वच्छ झाली होती, तरी आत्याचं बोट तिच्यावरून पुढेमागे फिरतच राहिलं.