बिननावाचा अर्ज

"दे इकडं लेकरू," नंदाबाई म्हणाल्या. "किती येळची रडून राह्यलीय."

त्यांचा उजवा हात प्लास्टरात होता. डाव्या हातानं त्यांनी माझ्या सुमेधाला छातीशी घेतलं, पाठीवर थोपटलं, अन् ती गप्प झाली. जालन्याला चौकशीच्या खोलीबाहेर एकच बाकडं. तक्रार करणारी त्याच्यावर, अन् जिच्यावर तक्रार ती मीही त्याच्यावरच.

त्यांचा हात मोडला त्या दिवशी आम्हा पोलिसांना हसनाबादजवळच्या गायरानावरून माणसं उठवायची होती. मला रजा मिळाली नाही. सुमेधा माझ्या आईजवळ, अन् इथं दूध दाटून छाती दगड झालेली. मी गाडीमागं जाऊन ते मातीत पिळत होते, तेवढ्यात रामप्रसाद जमादारांनी सगळ्यांना नावाच्या पट्ट्या खिशात घालायला लावल्या. ड्युटीवर पट्टी लावलीच पाहिजे, हे आम्हाला शिकवलं तेही त्यांनीच. मी परत आले तर लाठ्या सुरू. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल, छात्या कोऱ्या. माझी पट्टी तेवढी जागेवर.

नंदाबाई पडल्या होत्या. पडलेल्या बाईच्या कोपरावर जमादार मारत होते. थांबले तेव्हा मी तिला उठवलं, पाणी पाजलं.

"मावशी, मी पाणी पाजलं होतं तुम्हाला."

"व्हय की. तवाच तर दिसलं. तुझा शर्ट दुधानं भिजलेला. म्हणलं, लेकुरवाळी हाय बिचारी. म्हणून बघितलं, तर वरच नाव. दीपमाला."

"मारलं कुणी, ते माहितीय ना तुम्हाला?"

"तू न्हाई मारलं."

"मंग?"

"मंग काय? बिननावाचा अर्ज घेईनात. तीनदा हाकललं. मला दुसरं नावच दिसलं न्हाई, बाई."

सुमेधाच्या तोंडाची लाळ त्यांनी पदरानं पुसली.

मला आत बोलावलं. मी जमादारांचं नाव सांगितलं.

"त्यांची पट्टी वाचली तुम्ही?" साहेबांनी विचारलं.

"काढून ठेवली होती, साहेब. पण दोन वर्षं सोबत काम केलंय, चालण्यावरून ओळखते."

"स्वतःवर आलं की सगळ्यांनाच चालणं ओळखू येतं. बाकीच्या सगळ्यांनी लिहून दिलंय, काही पाहिलं नाही. आता त्या बाईवर आहे. मारणारी ही नव्हे, असं ती म्हणाली तर तुम्ही सुटलात. प्रकरणही बंद."

बाहेर येऊन मी हे सगळं नंदाबाईंना सांगितलं. हात जोडले. "नोकरी जाईल माझी, मावशी. आपल्यातलीच आहे मी."

"प्रकरण बंद म्हंजी? माझा हात कुणीच मोडला न्हाई?"



त्यांनी सुमेधाचा मुका घेतला. "निजलीय. हलवू नको जास्त," म्हणत अलगद माझ्याकडं दिली, अन् आत गेल्या. दार उघडंच होतं.

"हीच का?"

नंदाबाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं.

"व्हय साहेब. हीच."

सुमेधानं आवाज ओळखला. झोपेतच तिनं मान तिकडं वळवली.